मोरीतलं पिठलं

धाराशिवच्या पेठेमागच्या गल्लीत महांतप्पांचं किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या पाठीशी घर. त्या घरात कुणीही यावं, चहा प्यावा, घटकाभर टेकावं. फक्त गवंड्यानं उंबरा ओलांडायचा नाही, असा महांतप्पांच्या बायकोचा, इरम्माचा हुकूम होता. निजामाच्या हुकमातून एखादवेळ पळवाट निघायची, इरम्माच्या हुकमातून नाही.

त्याला कारण घडलं होतं. गुलबर्ग्याकडची ही पोर लग्न होऊन आली त्याच वर्षी न्हाणीची मोरी तुंबली. सासऱ्यांनी गवंडी बोलावला. त्यानं वाकून बघितलं, कानामागची विडी काढून पेटवली आणि न्हाणीची सगळी फरशी उखडून ठेवली. मग दुसरीकडं मोठं काम निघालं म्हणून जो गेला, तो पावसाळ्यापर्यंत फिरकला नाही. नव्या नवरीनं सगळा उन्हाळा गोठ्यात, म्हशीच्या आडोशाला अंघोळी केल्या. "म्हैस टक लावून बघायची," इरम्मा पुढं सगळ्यांना सांगायची, महांतप्पांच्या तोंडावर. "ह्यांनी सुदीक कधी इतकं न्याहाळून बघितलं न्हाय मला."

तेव्हापासून मोरी तुंबली की ती स्वतःच पदर खोचायची. आधी मूठभर पापडखार आणि वर हंडाभर उकळतं पाणी. त्यानं भागलं नाही तर निरगुडीची लांब लवचीक फोक, टोकाला काथ्याचा बोळा बांधलेली. आणि शेवटी तिचा लाडका दट्ट्या. म्हणजे काठीला उलटी बांधलेली नारळाची करवंटी, आणि करवंटीच्या कडेला मोटारीच्या फाटक्या ट्यूबचं रबर. तो मोरीच्या तोंडावर दाबून वरखाली केला की आतला गाळ जागचा हलायचा आणि पाणी गुळगुळत निघून जायचं.

हळूहळू गल्लीतल्या बायका तिला बोलवायला लागल्या. इरम्मा दट्ट्या खांद्यावर टाकून भर दिवसा पुढच्या दारानं निघायची. महांतप्पांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"लोक काय म्हणत्याल? वाण्याची बायकू मोऱ्या उघडत हिंडतीय."

"लोकांच्याच मोऱ्या वाहत्या केल्यात मी. आता लोक कशाला बोलत्यात?"

त्रेचाळीस-चव्वेचाळीस साल असेल. त्यांची लेक शिवकांता लग्नाची झाली होती आणि येडशीचे शिवप्पा आपल्या मुलासाठी तिला बघायला येणार होते. स्टेशनाजवळ त्यांचं भुसाराचं दुकान, घर भरलेलं, मुलगा कामाचा. पण माणूस लई कडक, अशी ख्याती. पसंती ठरल्याशिवाय मुलीच्या घरी जेवायचं नाही, ही त्यांची रीत. गूळपाणी घ्यायचं, चहा घ्यायचा, "कळवतो" म्हणायचं आणि बैलांची दमणी जुंपायची. अशी पुष्कळ घरं त्यांनी कळवायची ठेवली होती.

त्या दिवशी सकाळी इरम्मानं लेकीला न्हाऊ घातलं. पीठ घरच्याच दुकानातलं, तेव्हा हात आखडायचं कारण नव्हतं. डाळीचं पीठ, हळद आणि साय तिनं लेकीला अशी चोपडली की शिवकांता भज्यासारखी दिसायला लागली. मग खसाखसा चोळून सगळं धुऊन काढलं. थोड्या वेळानं बघते तर न्हाणीत पाणी साचलेलं. इरम्मानं नेहमीचा उपाय केला: पापडखार, वर उकळतं पाणी. जे थोडंथोडं झिरपत होतं तेही थांबलं.

तेवढ्यात दारात दमणीचे घुंगरू वाजले. शिवप्पा उंचेपुरे, मिशा पांढऱ्या, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. मागून त्यांची बायको गिरिजाबाई, ठेंगणी आणि हसऱ्या डोळ्यांची. ती पाय धुवायला न्हाणीत गेली आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली.

"अगं बाई, पाय धुवायला आले का तळ्यात उतरले?"

इरम्मानं तिला हाताला धरून बाहेर काढलं, नवऱ्याला बैठकीत पाव्हण्यांपाशी बसवलं, अंगावरच्या कोऱ्या इरकलीचा कासोटा घातला आणि दट्ट्या उचलला.

बैठकीत महांतप्पा हवापाण्याचं बोलत होते. आतून आवाज यायला लागला: गुळुक्, गुळुक्, भस्स.

"काय वाजतंय?" शिवप्पांनी विचारलं.

"म्हैस. पाणी पितीय."

"न्हाणीत?"

महांतप्पांनी घाम पुसला. "लाडाची हाय."

शिवप्पा उठले आणि सरळ आत गेले. न्हाणीच्या दारात उभे राहून त्यांनी वाकून दट्ट्या चालवणारी वधूमाय बघितली. इरम्माच्या तोंडून "अय्यो शिवने!" निघालं. पदर घ्यायला हात मोकळा नव्हता.

"आधी गरम पाणी वतलं व्हतं का?" शिवप्पांनी विचारलं.

"व्हय. उकळतं."

त्यांनी मोरीच्या तोंडाशी आलेला पिवळा गोळा बोटावर घेतला आणि नाकाशी नेला. "डाळीचं पीठ?"

"लेकीला लावलं व्हतं."

"मग बाई, तुमी मोरीत पिठलं शिजवलंय."

आजवर इरम्माच्या हातच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मग काय, आता भाकऱ्या टाकू?"

मागून गिरिजाबाई फिस्सकन हसली. "ह्यांचं मनावर घिऊ नका. दिवाळीला ह्यांनीबी आमच्या मोरीत असंच शिजवलं व्हतं. घरात मोरी तुंबली की ह्यांना सण असतो."

शिवप्पांनी बायकोकडं बघितलं, मग खाली मान घालून कोट काढला आणि फेटा खुंटीला ठेवला. "पिठाला गारच पाणी लागतं. तुमी हिकडून दाबा, म्या गल्लीकडून फोक घालतो."

मोरीची खापरी नळी भिंतीखालून गल्लीतल्या नालीत उघडत होती. न्हाणीत इरम्मा, गल्लीत शिवप्पा, आणि दोघांचं एकमेकांना ऐकू जावं म्हणून मधल्या बोळात महांतप्पा.

"पाव्हणं म्हणत्यात, दाबा!"

"दाबतीच हाय म्हणावं!"

"ही म्हणतीय, दाबतीच हाय!"

"जोर कमी पडतोय म्हणावं!"

हे महांतप्पांनी जरा गोड करून सांगितलं, तरी इरम्माला राग यायचा तो आलाच. तिनं गार पाण्याची घागर ओतली आणि बाह्या सरसावल्या. गल्लीतून शिवप्पा ओरडले, "थांबा, म्या वाकून बघतो!" एवढ्या गोंधळात महांतप्पांच्या तोंडून सवयीनं निघालं, "दाबा!"

इरम्मानं अंगाचा सगळा भार टाकला.

पिठलं सुटलं ते एकदम. शिवप्पा उठले तेव्हा मिशीपासून धोतरापर्यंत पिवळे होते. आणि माडीच्या खिडकीतून, जिला आज मान वर करायची नाही असं बजावलं होतं ती शिवकांता खळखळून हसली. आईसारखंच, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

बोळात आलेल्या इरम्मानं डोळे मिटून घेतले. सोयरीक गेली, तिच्या मनात आलं. गिरिजाबाईनं नवऱ्याकडं नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, "डाव्या मिशीवर जरा ऱ्हायलंय."

धोतर धुऊन दोरीवर टाकलं. महांतप्पांचं धोतर शिवप्पांच्या गुडघ्याशीच संपत होतं. ते नेसून दमणीत बसून पेठेतून जाणं शक्य नव्हतं. धोतर वाळेपर्यंत थांबावं लागलं. ऊन वर आलं. आतून तुपाचा वास यायला लागला. इरम्मानं भीत भीत ताटं मांडली. शिवप्पा जागचे हलेनात, तशी गिरिजाबाई सरळ पाटावर जाऊन बसली.

"मला पोरगी पसंत हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमच्यासंगं एका घरात ऱ्हायाचं तर अशी हसणारीच लागती."

शिवप्पांनी उघड्या गुडघ्यांकडं बघितलं, मग ताटाकडं. "पिठलं तर न्हाय ना?"

"न्हाय जी. पुरणाच्या पोळ्या."

"मग वाढा."

वाढायला आलेल्या शिवकांतानं हळूच गिरिजाबाईंना विचारलं, "तुमचे चिरंजीवबी मोऱ्या काढत्यात का?"

"न्हाय गं. त्याला नुसत्या तुंबवता येत्यात."

लग्न येडशीला झालं. मांडवात इहीण इरम्मा आणि इवाई शिवप्पा राखेनं मोरी चांगली सुटते का पापडखारानं, ह्यावर एवढे भांडले की जंगम स्वामी अक्षता हातात घेऊन ताटकळले.

अठ्ठेचाळीस साली रझाकारांची दहशत वाढली तेव्हा दोन्ही घरं निजामाची सरहद्द ओलांडून बार्शीला गेली. कोंडाबाई नावाच्या दूरच्या नात्यातल्या बाईनं ओसरी मोकळी करून दिली. परक्या घरात इरम्मा हात मांडीवर ठेवून नुसती बसायची. दुकानाचं काय झालं, म्हशीला कुणी सोडलं का, काही कळत नव्हतं. शिवकांताला आईची काळजी वाटायला लागली.

एवढी माणसं एका न्हाणीत अंघोळ करणार म्हटल्यावर व्हायचं ते झालंच. एका सकाळी पाणी उंबऱ्याबाहेर आलं. "गवंडी बोलावते," कोंडाबाई म्हणाली.

इरम्मा उठली. "गवंडी नगं. घरात करवंटी हाय का?"

तोवर शिवप्पा चपला घालून गल्लीत गेले होते, नळीचं तोंड कुठं उघडतंय ते हुडकायला.