प्रेस थांबल्यानंतरची जागा

आमच्या बँडला आता लोक 'लेजेंड' म्हणतात. व्हिडिओखाली लिहितात, पुढे आगीची चित्रं टाकतात. वाशिंदपासून मुरबाडपर्यंत जो उठतो तो डीजे आमचा ठोका वाजवतो, आणि तो ठोका आला कुठून हे एकालाही ठाऊक नसतं. याची मला चीड यायची. येते असं अजूनही लिहितो, पण आत काही हलत नाही.

आम्ही दोघंच होतो. मित्र मुरबाडच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर. मी युनियनची पत्रकं लिहायचो, गेटसमोर भोंग्यावर बोलायचो. त्याने प्रेसचा आवाज मोबाइलवर घेतला, कापून जोडला, त्यावर कॅसिओ वाजवला. वर माझ्या घोषणा. मुंबईच्या कुणीतरी त्याला इंडस्ट्रियल संगीत म्हटलं. आम्ही म्हटलं, बरं.

मग त्याच प्रेसखाली त्याची बोटं गेली. हात आत आला की प्रेस थांबवणारा सेन्सर बंद होता आणि मालकाला माहीत होतं. पत्रकात असतं तर इथे मी उद्गारचिन्ह दिलं असतं.

बरा झाल्यावर त्याने शेवटचं गाणं केलं. ठोका चालतो, चालतो आणि मधेच तुटतो. बराच वेळ काहीच नाही. मग परत सुरू, कारण त्या दिवशी प्रेस पुसून पाळी परत सुरू केली होती. ती गप्प जागा म्हणजेच ते गाणं. डीजेंनी नेमकी तीच सायरनने भरली. त्याच्या घरच्यांनीही ते सायरनसकटच ऐकलं होतं.

यंदा सापगावला त्याच्या बहिणीची हळद. संध्याकाळी डीजेने ते लावलं तसा मी तावातावाने उठलो. मित्राने मला खाली बसवलं आणि स्वतः गेला.

"मधला सायरन काढ."

"काढला त लोकांना वाटंल जनरेटर गेला. शिव्या मला बसतील, भाऊ."

"बसूं दे. एकदा आईला ऐकवायचाय."

डीजेने मूळ गाणं लावलं. ठोका तुटला. एक जण खरंच जनरेटरकडे पळाला. पाटाजवळ धवलारीण बसली होती, लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी, डीजे कधी थांबतो याची वाट बघून कंटाळलेली. आमच्याकडे डीजे थांबला की धवला सुरू होतो, आणि धवल्यावर कुणी काही वाजवत नाही. तिला वाटलं, आली आपली पाळी. खाकरून तिने सूर धरला. डीजेने घाईघाईने आवाज बंद केला.

"म्हातारीनं बँड खाल्ला रे तुमचा!" नाचणाऱ्यांतून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. आई मुलीच्या गालाला हळद लावत होती. तिने मान वर केली नाही.

मी म्हटलं, "थांबवू का तिला?"

"नको." तो ऐकत होता. "प्रेस परत चालू नाय झाली, बघ."

मी हो म्हटलं. एरवी यावर मी पानभर लिहिलं असतं.

उरलेल्या बोटांनी त्याने वाटीतली हळद उचलली, बहिणीला लावली, वाटी माझ्यापुढे धरली. "लाव तू पन."

मी बोटं बुडवली. हळद गार होती. तेवढं कळलं.