टपालवाली कॉन्सेप्टा गोलात

कॉन्सेप्टा मल्वी ही आयर्लंडमधल्या ड्रमकिला गावची टपालवाली. हिरव्या गाडीतून एकोणीस वर्षं ती दोनशे सहा घरांना पत्रं पोचवत आली होती. वय चव्वेचाळीस, तीन मुलं, नवरा फर्गल, चाळीस गाई आणि एक खोड. भीती वाटली की तिला हसू फुटायचं. लग्नात पाद्रीबाबांसमोर फुटलं, सासऱ्यांना पुरताना कबरीपाशी फुटलं. बाई लाखात एक, पण चार माणसांत न्यायची सोय नाही, असं फर्गलच म्हणायचा.

त्या जुलैत गावच्या बायकांच्या फुटबॉल संघाची गोलरक्षक पहिल्या सामन्याच्या आठच दिवस आधी नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला निघून गेली. संघाला शिकवायचा डेसी किलब्राइड, एरवी शाळेची बस चालवणारा. तो टोपी हातात घेऊन मल्वींच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"कॉनी, तू गोलात उभी राहायचीस ना पूर्वी?"

"बावीस वर्षांपूर्वी. तेव्हा मला गुडघे होते."

"एकच सामना गं. हरला तो बाहेर, अशी स्पर्धा आहे, आणि अकरा वर्षांत आपण पहिली फेरी ओलांडलेली नाही. हरायचं, चहा प्यायचा, दूध काढायच्या वेळेला घरी."

ग्रोन्या, कॉन्सेप्टाची थोरली, दारातून ऐकत होती. ती संघात शेवटच्या बचावाला, म्हणजे मैदानात आईच्या अगदी पुढ्यात उभी राहणार.

"हिला घेतलंत तर मी नाही खेळणार."

"मग परत चौदाच उरतात," डेसी म्हणाला. "पोरी, पंधरा जमवताना माझी चप्पल झिजली."

ग्रोन्याने आईकडे पाहिलं. "मैदानात मला बाळा म्हणायचं नाही. आणि केस नीट कर, हाक मारत सुटू नकोस."

पहिला सामना ग्लेनफाराशी. हा आयरिश फुटबॉल, हातापायांनी खेळायचा: चेंडू जाळ्यात गेला तर तीन गुण, आडव्या दांड्यावरून उंच खांबांमधून गेला तर एक. कॉन्सेप्टाने पहिल्या पाच मिनिटांत तीनदा बाळा म्हटलं. शेवटच्या मिनिटाला समोरच्या पोरीने दहा पावलांवरून असा काही चेंडू हाणला, की कॉन्सेप्टाला तो दिसलाच नाही. थेट हनुवटीवर आदळला आणि बाहेर गेला. शिट्टी झाली. ड्रमकिला एका गुणाने जिंकली होती. डेसीला ते खरंच वाटेना. पंचांना दोनदा विचारून आला.

"आई, कसला अडवलास गं!" ग्रोन्या म्हणाली.

"अडवला?" कॉन्सेप्टा हनुवटी चोळत म्हणाली. "तो माझ्यावर येऊन पडला."

दुसरी फेरी सात गुणांनी जिंकली, ती कशी हे कुणालाच सांगता येईना. आणि मग गावाचं डोकं फिरलं. गेली अकरा वर्षं ज्यांनी मैदानाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ते फाटकात उभे राहून टपालाची वाट पाहू लागले. पत्रासाठी नव्हे. कॉन्सेप्टाचे हात पाहायला. सुरुवात केली शहाऐंशी वर्षांच्या टेस गकियनने. कॉन्सेप्टा गाडीतून उतरली तोच म्हातारीने एक शब्द न बोलता दारातूनच सलगम फेकला. कॉन्सेप्टाने तो हवेतच झेलला.

"बरी आहेस," टेस म्हणाली. "डावीकडे जरा जड आहेस. ये, ॲपल पाय खा."

सफरचंद भरलेला तो पाय खाता खाता अर्धा तास गेला. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक फाटकातून काहीतरी उडत यायचं. बटाटे, लोकरीचे गुंडे, एकदा तर जिवंत कोंबडी. ती झेलताझेलता टपालाचा पार बोजवारा उडाला. एका लग्नाची चार निमंत्रणं भलत्याच घरी पडली. ती माणसं नटूनथटून लग्नाला गेली, पोटभर जेवली आणि नाचूनही आली. कुणी तक्रार केली नाही.

उपांत्य सामना किलद्रोनशी. साठ मिनिटं संपत आलेली, ड्रमकिला दोन गुणांनी पुढे, आणि पंचांनी किलद्रोनला पेनल्टी दिली. जाळ्यात गेला तर तीन गुण, म्हणजे सगळं संपलं. कॉन्सेप्टा रेषेवर एकटी. समोर सहा फुटी मुलगी, चेहरा दगडासारखा.

कॉन्सेप्टाला हसू फुटलं.

आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग ती पोट धरून वाकली. आवरायचा प्रयत्न केला तसं आणखीच जोरात. मुलीने चेंडू ठेवला, मागे गेली, कॉन्सेप्टाकडे पाहिलं आणि तिच्याही ओठाचा कोपरा हलला. तिने धाव घेतली, अर्ध्यात फिसकन हसली आणि चेंडू आडव्या दांड्यावरून आभाळात. एकच गुण. शिट्टी झाली तेव्हा दोघी गवतावर बसून डोळे पुसत होत्या.

"काय झालं होतं तुम्हाला?" मुलीने विचारलं.

"घाबरले होते गं."

अंतिम सामन्याला गावात गाईंखेरीज कुणी उरलं नाही. टेसला खुर्चीसकट डेसीच्या बसमध्ये चढवलं. आणि पाचव्याच मिनिटाला साधा, लोण्यासारखा चेंडू कॉन्सेप्टाच्या हातांतून निसटून जाळ्यात गेला. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ग्रोन्या मागे वळली.

"झालं? गेला एक. आता उठ."

एवढंच म्हणाली आणि वळली. कॉन्सेप्टा उठली. त्यानंतर तिने एकही आत जाऊ दिला नाही. दोन तर डावीकडे झेप घेऊन काढले. हळूहळू गुण जमत गेले, बरोबरी झाली. अर्ध्या मिनिटाचा खेळ उरला असताना चेंडू ग्रोन्याच्या हातात आला. तिने तो पुढे द्यायचा होता. ती स्वतःच पळत सुटली.

"ग्रोन्या, परत ये!" कॉन्सेप्टा ओरडली. "कोण आहे इथे मागे? अगं ए, परत ये!"

ग्रोन्याने मधली रेषा ओलांडली, एकीला चकवलं, दुसरीला खांदा दिला. आई ओरडतेच आहे. पंचेचाळीस पावलांवरून ग्रोन्याने पाय फिरवला. चेंडू खांबाला घासून आतल्या बाजूने, दांड्यावरून गेला. एक गुण. शिट्टी.

त्या वेळी ग्रोन्या शंभर पावलं दूर होती. कॉन्सेप्टा मैदानभर धावत गेली, गुडघे असल्यासारखी, आणि लेकीला उचललं.

"ऐकत का नाहीस तू माझं?"

"आई, खाली ठेव. सगळे बघतायत."

"बघू देत."

सोमवारी कॉन्सेप्टा चषक शेजारच्या सीटवर पट्ट्याने बांधून टपालाला निघाली. प्रत्येक घरी तो आत न्यावा लागला. कुणी त्यात चहा ओतून प्यायलं, कुणी तान्हं बाळ बसवलं. टेसने तो पदराएवढ्या फडक्याने पुसला आणि स्वतःचं तोंड त्यात बघत बसली. सहा वाजले तेव्हा गाडीत अर्धी पत्रं तशीच होती.

"उद्या देईन," कॉन्सेप्टा म्हणाली.

"घाई नाही," फाटकाशी बस थांबवून डेसी म्हणाला. "पण पुढच्या वर्षी तू येतेयस ना?"

"मी निवृत्त झालेय."

"बुधवारी सराव आहे," डेसी म्हणाला आणि बस घेऊन निघून गेला.