वारज्याच्या बाईंचा राग

'लाभार्थी' हा शब्द कानावर पडला की बाई समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नसत. "लाभ कोणाला झाला ते आधी सांगा," म्हणायच्या. पाहुण्याच्या हातातला चहाचा कप तसाच राही.

वारज्यात पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं सौरदिव्यांचं वर्कशॉप होतं. डिप्लोमानंतर माझी पहिली नोकरी तिथलीच. मैत्रिणी एकेक करून आयटीत शिरत होत्या आणि मी बाईंची बोलणी खात वायरी जोडत होते.

धरणामागच्या एका वाडीवर त्यांचा फार जीव. तिथल्यांची शेतं धरणात गेलेली. त्या पाण्यावर पुण्याचे नळ वाहत होते, आणि वाडीत विजेचा खांबसुद्धा नव्हता. "पाणी त्यांचं, उजेड आपला. छान वाटणी आहे!" बाई म्हणत. त्यांनी वाडीतल्या पारूबाईला आणि आणखी काही जणींना आधी दुरुस्ती शिकवली, मगच घराघरांत दिवे लावले.

पुढे हडपसरच्या एका आयटी कंपनीला समाजसेवा सुचली. तिनं वाडीला फुकट दिवे वाटले, फीत कापली, फोटो काढले. आमचे दिवे अडगळीत गेले, पारूबाईचं काम सुटलं. पावसाळ्यातच ते फुकटचे दिवे विझले. सगळे सीलबंद, उघडून बघायचीही सोय नाही. बाईंनी कंपनीत फोन केला. "मॅडम, प्रोजेक्ट क्लोज झालाय," असं उत्तर मिळालं.

एवढ्या संतापलेल्या बाई मी कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी बंद दिवे टेम्पोत भरले आणि वाडीतल्या बायकांना, मला घेऊन थेट हडपसर गाठलं. काचेच्या दारात रखवालदारानं विचारलं, "कोणाला भेटायचंय?"

"कोणालाच नाही. तुमचं सामान परत द्यायचंय."

आम्ही दारातच दिव्यांचा ढीग घातला. दिवेवाटपाला आलेले साहेब धावत खाली आले. "अहो मॅडम, आपण आत बसून बोलू ना."

"वाडीवर या. अंधारात बसून बोलू. चहा मी पाजते."

आठवड्यात नवे दिवे पोचले. मी खूश झाले, तर बाई माझ्यावरच खेकसल्या, "हे लाजेनं नाही आले, भीतीनं आलेत!" खरंच होतं. तेही सीलबंद होते, तेही विझले, आणि या खेपेला कंपनीनं फोनही घेतला नाही. तोवर फुकटच्या आशेनं आमच्या दिव्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. वर्कशॉप बंद पडलं. त्यानंतर बाई फार जगल्या नाहीत. डॉक्टर हृदयविकार म्हणाले. मला ते आजही पटत नाही.

शोकसभेला तेच साहेब पुष्पचक्र घेऊन आले. माईक हातात घेऊन म्हणाले, "बाई म्हणजे आमच्या ग्रामविकासाचं प्रेरणास्थान. आमच्या लाभार्थ्यांना त्यांनी..."

माझ्या अंगाची लाही झाली. पण माझ्याआधी मागच्या रांगेतून पारूबाई उठली. तरातरा पुढे येऊन तिनं माईकसाठी हात पसरला.

"साहेब, तुमी बसा आता. बाईंचं आमी सांगतो. आमाला ठावं हाय."

साहेबांनी आयोजकांकडे पाहिलं. मग ते बसले.