आईने टिपलेला खंड्या

मंडळी, आज सकाळी आईला होसकोटेच्या तलावावर नेलं. हात थरथरायला लागल्यापासून दोन वर्षं तिने कॅमेरा धरला नव्हता.

तिथे एक काका लांबलचक झूम लेन्सने पक्षी टिपत होते. आमचं मराठी ऐकून त्यांनी कानडी वळणाच्या मराठीत बोलत कॅमेराच पुढे केला. "अक्का, बघा काढून."

"नको हो, माझा फोटो हलतो."

"हात स्वल्प हलू दे. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन सांभाळून घेतं. कोपरं तेवढी अंगाला टेकवा."

लांबच्या फांदीवर खंड्या होता. आईने श्वास रोखून बटण दाबलं. स्क्रीनवर त्याच्या चोचीतला मासासुद्धा स्वच्छ दिसला! आई बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "अजून एक काढू?"

काका, नाव विचारायचं राहिलं, पण मनापासून आभार. आणि मंडळी, हलकी झूम लेन्स कुठली घेऊ? आईला हवी आहे.