निघायच्या तोंडानं लावलेली गाडी

ब्रेकताईंना गाडी शिकवताना पाहिलंय कधी? नसेल तर एका मजेला मुकलात म्हणायचं! शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक वेगळा ब्रेक असतो, त्यावरूनच हे नाव पडलं. शिकणारा घाबरून रस्ता सोडायला लागला, तरी बाईंचा आवाज चढत नाही. "हं, श्वास घ्या आधी. गाडी कुठं पळून जात नाही, मी धरलीये," एवढंच म्हणतात.

त्यांचा एक नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ. गाडी नेहमी निघायच्या तोंडानं लावायची. उलटी आत घ्यायची, नाक रस्त्याकडे ठेवायचं, म्हणजे निघताना समोरचं सगळं नीट दिसतं. इमारतीतल्या झाडून सगळ्यांना त्यांनीच शिकवलेलं. त्यामुळे आवारातल्या गाड्या कशा ओळीनं, रस्त्याकडे तोंड करून उभ्या असायच्या.

त्या ओळीत सगळ्यात थोराड गाडी बाईंची स्वतःची. जुनी, डिझेलची, आणि प्यायला बकासुर. पण त्या गाडीवर बाईंचा जीव होता, आणि का नसावा? नवरा होता तोवर कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी "कुठं, कशाला, किती वेळ" याचा जबाब द्यावा लागे. तो गेल्यावर, चाळिशी उलटल्यावर, बाई गाडी शिकल्या, मग शिकवायला लागल्या आणि स्वतःच्या कमाईतून ही घेतली. घेतली त्या दिवशी एकट्याच निघाल्या, रस्ता संपला तिथं थांबल्या, पोटभर रडल्या आणि परत आल्या. कुणाला काही सांगितलं नाही. सांगावं लागत नव्हतं, हेच तर सुख होतं.

आणि नेमकी लेकीला ती गाडी डोळ्यांसमोर नको. "आई, एकट्या माणसाला एवढं धूड कशाला? लहान घे, बॅटरीवरची घे. हवेचा तरी विचार कर!"

"तुझ्या बापानं माझा विचार करून करून मला घरात बसवलं. आता तू सुरू करू नकोस. माझी गाडी, माझी मर्जी!"

लेक खोटं बोलत नव्हती. पण बाईंना त्यात बापाचाच सूर ऐकू यायचा, आणि तिथंच घोडं पेंड खायचं.

रोज सकाळी बाई गाडी सुरू करून इंजिन चांगलं तापू देत. तेवढ्यात तळमजल्यावरच्या शिवणवालीची खिडकी धाडकन लागायची. 'जळते मेली,' बाई मनात म्हणत आणि मुद्दाम आणखी थोडा वेळ थांबत.

मग एकदा जिन्यात बाईंचा पाय मुरगळला. शिवणवाली धावत आली, हाताला धरून आपल्या स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि चहा टाकला. "आता वर चढायचं नाही. पायाची सूज उतरेपर्यंत इथंच राहायचं," असा दमच भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आली, तर बाईंनी तिला पिटाळलं, "जा, गाडी सुरू करून ठेव, नाहीतर बसेल ती."

गाडी गुरगुरली. शिवणवाली आपल्या भाचीच्या लग्नाचं काहीतरी सांगत होती. सांगता सांगता उठली, दुधावर झाकण ठेवलं, शिवायच्या कपड्यांवर चादर टाकली, खिडकी लावली, परत येऊन बसली. बोलणं कुठं तुटलं नाही. तरी फटीतून काळा धूर आलाच; गाडीचं नाक रस्त्याकडे, म्हणजे धुराचं नळकांडं नेमकं या खिडकीशी. तिला ढास लागली, आणि बाईंच्याही घशात खवखवलं.

"अगं, हे रोजचं?"

"चालायचंच. सवय झालीये."

"आणि एका शब्दानं बोलली नाहीस?"

शिवणवाली हसली. "कशी बोलू? आख्ख्या इमारतीत कुणाला न विचारता निघणारी बाई तू एकटीच. तुला जाताना बघून बरं वाटायचं गं. म्हटलं, खिडकी काय, लावता येते."

ब्रेकताईंनी कप खाली ठेवला. मान खाली घालून त्या लहान मुलासारख्या रडल्या.

मग डोळे पुसून लंगडत बाहेर आल्या. "तोंड भिंतीकडे कर गाडीचं," लेकीला म्हणाल्या. लेकीनं केलं. आता धूर फाटकाकडे निघाला, आणि तिथं पोरं शाळेच्या बसची वाट बघत उभी होती. एका पोरीनं ओढणीनं नाक दाबलं.

"बंद कर," बाई म्हणाल्या.

गाडी विकली असती तर हातोहात गेली असती. पण विकली म्हणजे धूर दुसऱ्या कुणाच्या खिडकीशी! बाईंनी ती गाडीदुरुस्ती शिकवणाऱ्या शाळेला देऊन टाकली, इंजिन खोलून शिकायला. स्वतःसाठी बॅटरीवरची छोटी घेतली. शेजाऱ्यांना उपदेशाचा एक शब्द ऐकवला नाही. एकेकाला फक्त शिवणवालीकडे चहाला धाडलं, नेमकं सकाळी, गाड्या निघायच्या वेळी. अशी बाई शोधून सापडायची नाही!

जुनी गाडी न्यायला माणसं आली, तेव्हा बाईंनी बॉनेटवरून हात फिरवला आणि बराच वेळ उचलला नाही. लेक जवळ आली. विजयी मुद्रेनं म्हणाली, "शेवटी ऐकलंस ना माझं!"

"तुझं नाही गं," बाई म्हणाल्या. "जिनं मला कधी काही सांगितलंच नाही, तिचं ऐकलं."