साहेब काय गुणगुणतात?

“थांब, याचा सूर लागला नाही अजून.” असं म्हणून काका डाव्या हाताने पेटीचा भाता हलवायचे आणि उजव्या हाताचं एक बोट काळी दोनवर दाबून धरायचे. पेन कानावर, वही मांडीवर. आलेल्याने चहाची आशा सोडायची.

तुमच्या बिल्डिंगमध्ये कोणी पेटी वाजवत असेल तर तो निदान गात तरी असेल. आमचे तिसऱ्या मजल्यावरचे काका गात नव्हते, गोष्टी लिहीत होते. ओझरच्या कारखान्यात विमानांचे सुटे भाग तपासण्यात जन्म गेला; निवृत्त झाल्यावर माणसं तपासायला लागले, असं काकू म्हणायच्या. गोष्टीत कोणी आलं की आधी त्याची चाल शोधायची, ती पेटीवर पक्की करायची, मगच त्याला तोंड उघडू द्यायचं. खालच्यांनी सोसायटीत तक्रार केली तेव्हा काकांनी त्यांनाही गोष्टीत घेतलं. दोनच सूर दिले.

मी पत्रकं लिहिते. जाहीर निषेध, धिक्कार, प्रत्येक वाक्याला तीन उद्गारचिन्हं. गावाकडून भाजी आणणाऱ्या बायांची पहाटेची बस बंद झाली आणि बाया पाट्या घेऊन टेम्पोला लटकून बाजारात यायला लागल्या, तेव्हा मी चार पत्रकं काढली. बायांनी त्यांत मिरच्या बांधून विकल्या. शेवटी काकांकडे गेले. म्हटलं, चौकसभेत वाचायला एक गोष्ट द्या. बस बंद करणारा साहेब त्यात राक्षस पाहिजे.

“साहेब काय गुणगुणतो?”

“साहेब गुणगुणत नाहीत काका, सह्या करतात. हा तर त्याही करत नाही.”

“मग तू त्याला पाहिलंच नाहीस.”

दुसऱ्या दिवशी काका डबा घेऊन त्या साहेबाच्या कचेरीतल्या बाकावर जाऊन बसले. दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी मला बोलावून पेटीवर चक्क अंगाई वाजवली.

“बाया अर्ज घेऊन आल्या की हे गुणगुणतो. घाबरतो गं तो. घरी तान्हं असणार.”

“त्याला माणूस करू नका, काका!”

“मी कुठे केला? होताच.”

गोष्ट वाचून मी तणतणत जिना उतरले. तिच्यात साहेब भीतीने अंगाई गुणगुणतो, बायांना ती पाठच, त्याही सुरात सूर मिसळतात आणि अख्खी कचेरी घोरायला लागते. राक्षस नाही, धिक्कार नाही. पण सभा दुसऱ्या दिवशी होती आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. वाचली.

पाट्यांवर बसलेल्या बाया खदाखदा हसल्या. एक आजी उभीच राहिली. “ह्योच हाय तो! आम्हाला पाहिलं का लगेच सुरू होतो! मला वाटायचं लय गर्व हाय त्याला. भितो व्हय?”

पुढच्या वेळी अर्ज घेऊन गेलो तर दारातूनच आजीने अंगाई धरली. मागून सगळ्यांनी. साहेब आधी लाल झाले, मग हसले, मग त्यांनी अर्ज वाचला. पहिल्यांदा. महिन्याभरात बस सुरू झाली. श्रेय अंगाईचं की आमच्या मोर्च्यांचं, यावर मी आजही भांडायला तयार आहे.

काकांशी मात्र आता भांडता येत नाही. दोन महिन्यांपूर्वी ते गेले. परवा काकूंनी त्यांची वही माझ्यासमोर धरली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: “पत्रकवाली. सूर सापडेना. बोलते तेव्हा नुसता ढोल. पण जिना उतरताना काहीतरी गुणगुणते. नीट ऐकायचं.”

“काहीही!” मी म्हणाले. “मी गुणगुणत नाही.”

“मग तू निघालीस की दार उघडं ठेवून काय ऐकत उभे राहायचे?”

मी निघाले. काकूंनी दार लावलं नाही. मी तोंड घट्ट मिटून जिना उतरायला लागले.

दुसऱ्या मजल्यापर्यंत जमलं.