दुहेरी काच आणि भाचीची पाठवणी

आमच्याकडच्या बाया नुसत्या रडत नाहीत, सांगून रडतात. लेक सासरी निघाली की आई हेल काढते आणि पोटात ठेवलेलं सगळं त्या हेलात बोलून टाकते. एरवी जीभ कापली तरी निघणार नाहीत अशा गोष्टी तेव्हा चारचौघांत निघतात आणि त्याचं कुणी वाईट मानत नाही. मी अनसिंगजवळच्या खेड्यात वाढलो, मला हे माहीत होतं. म्हणूनच माझा स्वतःवर जास्त राग आहे.

गेल्या उन्हाळ्यात भाचीचं लग्न होतं. मी पुण्याहून माझी गाडी घेऊन गेलो. गाडी महागाची, आणि तिचं खरं कौतुक म्हणजे तिच्या काचा. प्रत्येक दाराला दोन काळसर काचा, मधे हवेची बारीक फट, कडा घट्ट बंद. बाहेरचं ऊन फारसं जाणवत नाही, बाहेरून आतलं माणूस नीट दिसत नाही, आणि आवाज तर नाहीच. हळदीच्या दिवशी मी एकेका पाहुण्याला आत बसवून दार लावायचो आणि बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजवायला लावायचो. भाऊजी उतरून म्हणाले, "भाऊ, मले तं कान गेल्यावानी वाटून राह्यलं." सगळे हसले, मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

नवरदेव शेलूबाजारचा. वऱ्हाडानं नवरीसाठी फुलं लावून जीप आणली होती. पण मी हट्टच धरला, भाची मामाच्या गाडीतूनच जाईल. व्याह्यांनी बिचाऱ्यांनी मान राखला.

आता माझी बहीण. तिच्यात आणि भाचीत काही वर्षांपासून अबोल्यासारखंच होतं. बारावीनंतर पोरीला अकोल्याला नर्सिंगला जायचं होतं. त्याच वेळी तिची आजी अंथरुणाला खिळली, आणि बहिणीनं पोरीला घरीच ठेवून घेतलं. तेव्हापासून मायलेकी एका चुलीवर स्वयंपाक करत, पण बोलणं 'मीठ दे' आणि 'गाय सोड' एवढंच. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पाठवणीच्या वेळीही बहीण आंदणाची भांडी जीपमध्ये चढवून घेत होती. बँडच्या गोंगाटात तिनं लेकीला घाईघाईनं जवळ घेतलं, तिचा पदर सारखा केला आणि बाजूला झाली. डोळ्यांत टिपूस नाही. मला वाटलं, संपलं. नवरा-नवरी मागे बसले, मी दारं लावली, गाडी सुरू केली.

आणि तेव्हा तिचा बांध फुटला. ती धावत आली, भाचीच्या बाजूच्या काचेवर दोन्ही हात ठेवले आणि बोलायला लागली. वाजंत्रीवाल्यांनी वाद्यं खाली घेतलेली मला दिसली. बायांनी डोळ्यांना पदर लावलेले दिसले. आत आम्हाला फक्त एसीची बारीक घरघर.

भाची काचेचं बटण दाबत होती. लहान पोरं काचा खालीवर करून खेळत, म्हणून मागची बटणं मी माझ्या दाराकडून बंद करून ठेवली होती.

"मामा, काच खाली करा न. आई काईतरी सांगून राह्यली."

"राहू दे वं, धूळ येईन आत. परवा माहेरी येशीनच न, तवा आयकजो."

धूळ हे निमित्त होतं. तिच्या शेजारी बसलेला नवा जावई नुकताच म्हणाला होता, "मामा, काहीच आवाज येत नाही हो!" ती वाहवा मला मोडवेना. इतकं साधं आणि इतकं हलकं कारण. मी गाडी हळूच पुढे घेतली. भाची 'आई, आई' करत हुंदके देत होती, आणि तेही बाहेर कुणाच्या कानावर गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी परत आलो तेव्हा शेजारची काकू ओट्यावर बसली होती. म्हणाली, "अशी माय पाह्यली नाई बा. भरल्या मांडवात लेकीची माफी मांगतली तिनं. म्हणे, तुले शिकू नाई देलं, तुही उमर मी चुलीत घातली, मले माफ कर."

आत गेलो तर बहीण उरलेली बुंदी डब्यात भरत होती. वर न बघताच म्हणाली, "मुकी गेली माही पोरगी. एवढं बोलली मी, पन तिनं हूं का चूं केलं नाई. राग गेला नाई तिचा."

"ताई, तिले काईच आयकू नाई आलं. ते रडत होती आतमंदी. काच बंद होती."

"काचेतून आयकू येत नाई? जीपमंदी तं बाहेरचं खोकलनं आयकू येते."

"या काचेतून नाई येत. मी उघडली नाई."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "काहून नाई उघडली?"

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी फोन काढला आणि म्हणालो, आत्ता सांग तिला.

"कसं सांगू, भाऊ? ते तवाच येते."

तरी मी भाचीला फोन लावलाच. मी स्वतःही तिला सांगू शकलो असतो, पण आईची माफी मामाच्या तोंडून गेली की ती उष्टी होते. मी फोन स्पीकरवर टाकून बहिणीच्या हातात दिला.

"आई, काय म्हणत होती तू गाडीजवळ?" भाचीनं लगेच विचारलं. तिच्या मागं सासरच्या बायांचा गलका चालला होता. बहिणीनं बुंदीचे चिकट हात लुगड्याला पुसले. मी दाराशी उभा राहून मनातल्या मनात म्हणत होतो, बोल, ताई, बोल.

"काई नाई वं," ती म्हणाली. "जेवली का तू?"

भाची "हो, जेवली" म्हणाली, आणि बहिणीनं फोन माझ्याकडे परत दिला.